धडधाकट नमुना

माझा माणसांवर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं मिरजेत डॉ. शिरगुप्पे यांच्या लॅबमध्ये रक्त तपासतेय मी, त्याचा हा परिणाम. सकाळी आठला माणूस समोर बसतो, "उपाशीपोटी आलोय बाई" म्हणतो आणि त्याच्या मिशीला चहाची साय लागलेली असते. दुसरा म्हणतो गोळ्या वेळेवर घेतल्या, आणि त्याचं रक्त सांगतं की महिनाभर डबी उघडलेली नाही. मी भांडत बसत नाही. नमुना घ्यायचा, बाटलीवर नाव आणि वेळ घालायची, मशीनला लावायचा आणि खाली सही करायची: सौ. हेमलता अजित मगदूम, वरिष्ठ तंत्रज्ञ. वेळ लिहिलेली नसली तर मी तो नमुना सरळ परत पाठवते, मग तो आमदाराचा का असेना. या सहीला जिल्ह्यात मान होता.

ही सवय लॅबमध्येच ठेवून घरी आले असते तर बरं झालं असतं.

केतकी ही आमची एकुलती एक. पंधरा वर्षांची असताना तिची पाळी गेली ती चार महिने आलीच नाही. हनुवटीवर केस यायला लागले, मानेमागं काळपट पट्टा आला आणि वजन गेलं अठ्ठ्याहत्तरवर. सोनोग्राफीत पीसीओएस निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या देते, पण खरा उपाय व्यायाम. रोज तासभर घाम निघाला पाहिजे." सतराव्या वर्षापासून केतकी रोज पहाटे साडेपाचला बूट घालून मैदानावर जायला लागली. सातला परत. आता ती अठ्ठावीस वर्षांची आहे, पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचं काम करते, आणि वजनाचा काटा आहे तिथंच आहे. कधी शहात्तर, कधी ऐंशी.

आणि मी एकोणपन्नास किलोची. लग्नात होते तेवढीच. मी आयुष्यात कधी मैदानाचं तोंड पाहिलं नाही, दिवसभर स्टुलावर बसून सूक्ष्मदर्शकात बघायचं काम माझं. मग अकरा वर्षं रोज पळणाऱ्या पोरीचं वजन एक किलोनं उतरत नाही, याचा अर्थ मी काय लावणार? ती पळत नाही, एवढाच.

ती घरात शिरली की मी "आलीस का गं" म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवायची. माया म्हणून नव्हे. कुडता घामानं ओला आहे का, ते बघायला. तिला ते समजत होतं, हे मला फार उशिरा समजलं.

दोन वर्षांपूर्वी तर मी तिच्या मागावर गेले होते. सकाळी दूध तापवलं, डबे भरले, रिक्षा पकडली आणि मैदानाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आमच्या केतकीबाई कडुलिंबाखालच्या बाकावर बसलेल्या. पाय पसरून, नुसतं समोर बघत. मी दहा मिनिटं उभी होते, उठली नाही. घरी येऊन अजितना सांगितलं. हे एसटीतून निवृत्त झालेत, कुठलीही गोष्ट अंगाला लावून घेत नाहीत.

"एखाद्या दिवशी बसली असेल, हेमा."

"मी एक दिवस गेले आणि नेमकी त्याच दिवशी बसली होय?"

"विचार की मग तिला."

विचारलं नाही. विचारून काय होतंय, खोटंच सांगणार. पण ते बाक माझ्या मनातून गेलं नाही.

आणि गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार त्रेचाळीस साली, आमच्या लॅबमध्ये श्रमरेषेचं मशीन आलं. मला वाटलं, हे माझ्यासाठीच कुणीतरी बनवलंय.

मशीन काय करतं ते सांगते. आपण जेवलो की साखर रक्तात येते. ती स्नायूंच्या पेशींत जायला हवी, आणि पेशींची दारं एरवी बंद असतात. इन्सुलिन येऊन दारावरची बेल वाजवतं, मग दार उघडतं. काहींच्या पेशी या बेलला बहिऱ्या होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, बेल आणखी जोरात. साखर कशीबशी आत जाते, पण ते जादा इन्सुलिन अंगभर फिरत राहतं. बीजकोशांना काही बहिरेपण नसतं, ते बेल नीट ऐकतात, आणि भलतीच पुरुषी संप्रेरकं बनवत बसतात. मग बीज अर्धकच्चं राहतं, पाळी अडते, हनुवटीवर केस येतात. पीसीओएसच्या पुष्कळ बायकांची गोष्ट ही अशी आहे.

व्यायामाची गंमत वेगळी. स्नायू आखडला-सुटला की ही दारं आतूनच उघडतात, बेल वाजावी लागत नाही. वर दिवस-दोन दिवस पेशींचे कानही जरा तिखट होतात. म्हणून रोज पळायचं.

आता मशीनचा शोध असा, की स्नायू केलेले कष्ट विसरत नाही. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी वास राहतो, तशा पेशीच्या केंद्रात कष्टांच्या रासायनिक खुणा राहतात, आणि त्या किती वेगानं पुसट होतात याचं गणित आता बसलंय. मांडीतून सुईनं तांदळाच्या दाण्याएवढा कण काढायचा. मशीन मागच्या पंधरा वर्षांची रेषा कागदावर काढून देतं. ज्या वर्षी कष्ट केले तिथं जाड, जिथं लोळून काढलं तिथं बारीक. शिवाय त्याच कणातल्या जिवंत पेशींना मोजून इन्सुलिन देतं आणि दारं किती उघडली ते सांगतं. धडधाकट माणसाची शंभर उघडली तर तुमची किती, असा तो आकडा.

वर्षभरात या रेषेनं गाव ढवळून काढलं. विमा कंपन्या रेषा मागायला लागल्या. लग्न जमवताना पत्रिकेसोबत रेषा जायला लागली. एक दिवस कवठेकर नावाच्या बाई सुनेला हाताला धरूनच घेऊन आल्या. सून प्राजक्ता, तिलाही पीसीओएस.

"हिची रेषा काढा बाई," सासू म्हणाली. "रोज जिमला जाते म्हणून सांगते. कुठं जाते ते बघायचंय मला."

खरं सांगते, मला त्या सासूचा राग आला नाही. बाई माझ्याच जातकुळीची वाटली. प्राजक्ताची रेषा चांगली ठसठशीत जाड निघाली, तेव्हा सासूबाई जराशा हिरमुसल्या. पण दुसरा आकडा सत्त्याण्णव आला. म्हणजे पेशी ठणठणीत, बहिरेपण कुठलंच नाही. सासू लगेच वळली, "म्हणजे आजार नाहीच. दोन वर्षं आमच्याकडून औषधपाणी करून घेतेय ती." सून साडीचा पदर सारखा करत उभी राहिली. मी वेळ टाकून सही केली.

त्याच सुमारास पुण्याच्या एका संशोधन केंद्रानं नवं इंजेक्शन आणलं. मांडीत घ्यायचं, आणि बहिऱ्या पेशींना पुन्हा ऐकू यायला लागतं. पण ते थोड्याच बायकांना मिळणार होतं, म्हणून अट कडक. तीन वर्षं खरोखर व्यायाम केल्याचं रेषेत दिसलं पाहिजे, आणि तरीही आकडा सत्तरच्या खाली पाहिजे.

केतकी फॉर्म घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. तिची साखर त्या वर्षी काठावर आली होती, पाळी वर्षातून दोनदा. "आई, माझी रेषा काढशील?"

"नीट विचार कर," मी म्हणाले. "मशीन आहे ते. त्याच्यापुढं काही चालत नाही."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच नजर दुसरीकडं वळवली. "काढ," म्हणाली.

डॉ. शिरगुप्प्यांनी कण काढला, मी मशीनला लावला. कागद बाहेर यायला लागला तशी मी चष्मा पुसून बघत बसले. बत्तीस सालापासून पुढं रेषा जाड. तेहेतीस, चौतीस, पस्तीस, जाडच. दोन वर्षांपूर्वीही जाड, जेव्हा मी तिला बाकावर पकडलं होतं. माझ्या लॅबमध्ये अशी रेषा फक्त एका सायकलपटूची आली होती.

तिथंच मी पोरीला जवळ घ्यायला हवं होतं. पण स्वभाव. खाली दुसरा आकडा आला, एकशे चार. धडधाकट माणसापेक्षाही चार जास्त. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

"पळतेस खरी," घरी येऊन मी तिला म्हणाले. "पण तुझ्या पेशी तर ठणठणीत आहेत. मग साखर कशानं वाढतेय? बाहेर काय काय खातेस तू?"

अजितनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. केतकी कागदावरची रेषा बघत होती.

"आई, अकरा वर्षं तू मला खोटी समजत होतीस," ती म्हणाली. "आज मशीननं सांगितलं की मी खरी आहे. तर तू लगेच दुसरं खोटं शोधलंस. आता मी काय करू सांग?"

मी आवाज चढवला. काय बोलले ते इथं लिहीत नाही. लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला दाराची कडी वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बघते तर तिचे बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकलेले. मी म्हणाले, "केतकी, साखर काठावर आहे. असं करू नकोस." ती केस विंचरत होती, मागं वळली नाही. "करूनही मी खोटीच," म्हणाली. "मग झोपलेली काय वाईट?" अकरा वर्षं जे तिनं खोकल्या-तापातही सोडलं नव्हतं, ते मी चार वाक्यांत सोडवलं होतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात रिपोर्टांचा गठ्ठा होता.

"मगदूमबाई, तीन महिन्यांत पीसीओएसच्या बारा बायका तपासल्या आपण. सगळ्यात कमी आकडा नव्वद, सगळ्यात जास्त एकशे तीस. एकही सत्तरच्या खाली नाही. मग हा आजार मिरजेत आहे तरी कुणाला?"

मला आधी मशीनचा संशय आला. कंपनीचा इंजिनियर बोलावला, त्यानं दिवसभर खोलून बघितलं, मशीन चोख. मग द्रावणांचा संशय आला, नवी मागवली, तेच आकडे. मग मी बायकांवरच घसरले. म्हटलं हल्ली जरा पाळी चुकली की पीसीओएसचं निमित्त झालंय.

रविवार उजाडला. दर रविवारी नाश्ता झाला की मी खिडकीत आरसा टेकवून बसते आणि हनुवटीवरचे केस चिमट्यानं उपटते. चाळीस वर्षांची सवय आहे, नखं कापावीत तशी. तीन केस काढले, चौथ्याला चिमटा लावला आणि हात तिथंच थांबला.

मला पाळी वर्षातून तीन-चारदाच यायची. माहेरी सगळ्याच बहिणींचं तसं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. केतकी झाली ती लग्नानंतर आठ वर्षांनी, तेव्हा सगळे म्हणाले नशीब. मानेमागं काळी रेघ आहे, ती मंगळसूत्राच्या साखळीची म्हणून मी सोडून दिलेली. वजन एकोणपन्नास, म्हणून कुठल्या डॉक्टरनं कधी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता आमच्या धंद्यातली एक जुनी सवय सांगायला हवी. कुठलीही तपासणी करताना शेजारी एक धडधाकट माणसाचा नमुना लावावा लागतो, ताडून बघायला. आम्ही त्याला कंट्रोल म्हणतो. कंपनी तो बर्फात घालून पाठवते, पण मिरजेला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असतं. म्हणून जुने तंत्रज्ञ काय करतात, स्वतःच्याच दंडाला सुई टोचतात आणि स्वतःचं रक्त कंट्रोल म्हणून लावतात. नव्या मुली हसतात, पण मी एकतीस वर्षं तेच केलं. श्रमरेषेचं मशीन आलं तेव्हाही कंपनीची पेटी वितळून आली होती. डॉक्टर म्हणाले, "तुमच्याइतकं सडपातळ आणि निरोगी माणूस कुठून आणू?" त्यांनी माझ्या मांडीतला कण काढला, मी त्या पेशी बशीत वाढवल्या आणि प्रत्येक तपासणीत शेजारी लावल्या. त्या बारा बायकांची दारं मी मोजली ती माझ्या दारांशी ताडून.

सगळ्या गावावर मी संशय घेतला होता. एकच माणूस राहून गेलं होतं.

सोमवारी लॅबमध्ये कुणी यायच्या आत मी स्वतःचं रक्त काढलं. साखर चौऱ्याण्णव, उत्तम. ती कायमच उत्तम असायची, म्हणून तर मी निर्धास्त होते. पण या वेळी इन्सुलिनही लावलं, जे मी जन्मात स्वतःचं तपासलं नव्हतं. एकतीस आलं. निम्मं असतं तरी मी दुसऱ्या बाईला डॉक्टरांकडं पाठवली असती. साखर आत जात होती खरी, पण बेल केवढ्या जोरात वाजत होती ते कुणी ऐकलंच नव्हतं.

मग मी कोल्हापूरला कंपनीच्या डेपोत गेले, सीलबंद कंट्रोलची पेटी मांडीवर धरून आणली, वाटेत दोनदा बर्फ बदलला. डॉक्टरांना माझा ताजा कण काढायला लावला. केतकीच्या पेशी जपून ठेवलेल्या होत्याच. दोन्ही खऱ्या कंट्रोलशेजारी लावल्या.

मी बावन्न. केतकी चोपन्न.

माझी रेषाही सोबत आली. पंधरा वर्षांची रेषा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बारीक, दोऱ्यासारखी. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"हे तिचं चोपन्न पळून आहे, बाई," ते हळूच म्हणाले. "वजन हललं नाही म्हणून व्यायाम फुकट गेला असं नसतं. आत काम चालू होतं. एवढं बहिरेपण आणि एवढं वजन घेऊन ती पळाली नसती तर विशीतच मधुमेह झाला असता. तिनं तो अकरा वर्षं दारात थोपवून धरलाय."

आणि ते बहिरेपण तिला आलं होतं माझ्याकडून. मी स्टुलावर बसून राहिले. रडले की नाही आठवत नाही, पण डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला एवढं आठवतंय.

बाकीच्या अकरा जणींचे आकडे, माझ्या शंभरऐवजी बावन्न धरून, आम्ही तिथंच पुन्हा मांडले. सगळ्या सत्तरच्या खाली आल्या. प्राजक्ता कवठेकर पन्नास.

डॉक्टरांनी दार लोटलं. "हे बघा. पुण्याचे अर्ज उद्या संध्याकाळी बंद होतायत. आपण चूक कळवली तर चौकशी होईपर्यंत आपल्या लॅबचे सगळे रिपोर्ट बाद धरतील, केतकीचासुद्धा. त्यापेक्षा तिचा नवा रिपोर्ट आजच पाठवा, चोपन्नचा. खराच आहे तो. बाकीच्यांचं महिन्याभरानं सावकाश बघू."

"आणि तोवर त्या अकरा जणी?"

डॉक्टर खिडकीतून बाहेर बघायला लागले. कण त्यांनीच काढला होता, त्यांचीही मान त्यात अडकलेली.

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. माझी पोर आहे ती. साखर काठावर, इंजेक्शन एका बटणावर. मी रिपोर्ट छापला, वेळ घातली, आणि सही न करताच, दोन्ही रेषांच्या कागदांसकट पर्समध्ये घालून घरी आले.

आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवतात. सहाला पानं घेतली. केतकी खाली मान घालून जेवत होती, आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी दोन्ही कागद तिच्या ताटाशेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. माझ्या इन्सुलिनचं, हनुवटीच्या केसांचं, बशीतल्या पेशींचं. दोन वर्षांपूर्वी मागावर गेले होते तेही सांगितलं. अजितचा घास हातातच राहिला.

"माझं चुकलं, केतकी," मी म्हणाले. "ज्या मापानं तुला मोजत होते ते मापच लंगडं होतं. आणि ते माप मी होते."

तिनं माझा कागद उचलला. नीट बघून म्हणाली, "आई, तुझी रेषा कुठाय?"

"ही काय, तळाला. दोरा पडल्यासारखी दिसतेय ती."

तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदमच. मी तिला डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं आणि रिपोर्ट पुढं ठेवला. "तू म्हणशील तसं करते. तू म्हणालीस तर आत्ता सही करून पाठवते, आणि त्याचं पाप माझं."

"त्या बाकीच्यांना काय सांगितलं होतंस तू?"

"आजार नाही म्हणून. सही करून दिलंय."

केतकी पाणी प्यायली. इंजेक्शन तिला किती हवं होतं ते मला ठाऊक होतं, दोन महिने ती त्याचीच माहिती वाचत होती.

"म्हणजे अकरा घरांत कुणीतरी कुणाच्या तरी पाठीवरून हात फिरवत असेल," ती म्हणाली. "कळव सगळं. आजच कळव."

"तुझी जागा जाईल."

"जाऊ दे. पुढच्या वेळी बघू." मग अजितकडं वळून म्हणाली, "पप्पा, माझे बूट काढून द्या माळ्यावरचे."

अजित उष्ट्या हातानंच उठले.

मी पत्र लिहिलं. कंट्रोल म्हणून तंत्रज्ञानं स्वतःच्या पेशी वापरल्या, त्या सदोष होत्या, बाराही अहवाल चुकीचे आहेत. खाली सही केली. आठवड्यात मशीनला सील लागलं, मला घरी बसवलं, चौकशी अजून चालू आहे. केतकीचा अर्ज परत आला. पुढची तुकडी दहा महिन्यांनी, तपासणी दुसऱ्या लॅबमधून. तिनं ते वाचून घडी घालून कपाटात ठेवलं आणि त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेली.

अकरा जणींना मी स्वतः फोन केले. कुणी शिव्या घातल्या, कुणी नुसतं "बरं" म्हणाली. कवठेकरांकडं फोन सासूनं उचलला. मी म्हटलं सुनेशी बोलायचंय. प्राजक्तानं सगळं ऐकून घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "हे एवढंच तुम्ही सासूबाईंना सांगाल का? माझ्यावर त्यांचा विश्वास नाही."

मी सांगितलं. तीनदा सांगितलं, कारण त्यांना माझाही संशय येत होता.

आता मीही मैदानावर जाते. आकडा बावन्न, दुसरा इलाज काय? केतकी साडेपाचला निघते, मी घरचं आटपून मागाहून. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. चार फेऱ्या मारायच्या असं तिनं बजावलं होतं. दीड फेरीत माझा दम गेला, पिंढऱ्या भरून आल्या. केतकी तोवर घरी गेलेली. मी कडुलिंबाखालच्या बाकावर बसले ते तिथंच राहिले.

घरी आले तर ती ओट्याशी पोहे परतत होती.

"झाल्या चार?"

"झाल्या."

मी तिच्याकडं पाठ करून उभी राहिले. कशाची वाट बघत होते ते मला माहीत होतं. माझा ब्लाउज पुरता कोरडा होता.

"छान," केतकी म्हणाली. "बस आता, पाणी पी आधी."

तिनं हात लावून बघितलं नाही. आयुष्यभर मी लोकांना खोटं बोलताना पकडलं. मला कुणी असं सोडून दिलं नव्हतं.

"दीडच झाल्या," मी म्हणाले. "मग बाकावर बसले."

"कडुलिंबाखालच्या?"

"हं."

"तिथं वारा चांगला लागतो," ती पोह्यांवर झाकण ठेवत म्हणाली. "मीपण तिथंच बसते, पळून झालं की. साडेसहाला संपतं माझं, मग पंधरा-वीस मिनिटं बसते आणि निघते."

मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन खुर्चीवर बसले. त्या दिवशी दूध तापवून, डबे भरून, रिक्षा शोधून मी मैदानावर किती वाजता पोचले होते? साडेसहाच्या आत तर नक्कीच नाही. दोन वर्षं तो पुरावा मी जपून ठेवला होता, आणि त्याच्यावर वेळच घातलेली नव्हती.